वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल

भरतीची रेषा ओलांडली की लागणाऱ्या कोरड्या, सैल वाळूत फार थोड्या वनस्पती टिकतात. तिथे गोडे पाणी जवळजवळ नसते, वाऱ्याबरोबर खारे तुषार येत राहतात आणि पायाखालची जमीनच रोज सरकत असते. उष्ण कटिबंधातील बहुतेक किनाऱ्यांवर अशा जागी पहिली वस्ती करते ती मर्यादवेल. रताळ्याच्या कुळातील या वेलीचे शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री असे आहे.

वाळूखाली गाडले जाणे हे बहुतेक रोपांचे मरण असते, पण या वेलीचा विस्तार त्यातूनच होतो. तिचे खोड जमिनीवरून कित्येक मीटर सरपटत जाते आणि त्याच्या पेरापेरांवर मुळे फुटतात. वाऱ्याने उडालेले वाळूचे कण पाने आणि खोडांपाशी वेग मंदावल्याने खाली पडतात. पेरे झाकली जातात, तिथे नवी मुळे धरतात आणि शेंडा पुन्हा वर येऊन पुढे सरकतो. असा थरावर थर चढत वाळूची टेकडी आकाराला येते, म्हणजे ज्या टेकडीवर ही वेल राहते ती काही अंशी तिनेच उभारलेली असते. माझ्या मते तिचे खरे मोल यातच आहे.

तिची जाड, मांसल पाने टोकाशी आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली असतात. देठ जिथे पानाला मिळतो तिथे निरखून पाहिल्यास दोन बारीक ग्रंथी दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखी फुले सकाळी उमलतात आणि त्याच दिवशी मिटून जातात.

प्रत्येक बोंडात साधारण चार लवदार बिया असतात. आतल्या हवेमुळे त्या तरंगतात, तर कठीण, जलरोधक कवचामुळे खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने राहूनही जिवंत राहतात. समुद्रप्रवाहांबरोबर त्या दूरच्या किनाऱ्यांना लागतात. मात्र कवचाला ओरखडा पडून पाणी आत शिरल्याशिवाय त्या सहसा रुजत नाहीत.

वादळी लाटांनी खरवडलेल्या किनाऱ्यावर उरलेल्या तुकड्यांतून ही वेल पुन्हा पसरू शकते. वाहनांच्या चाकांखाली किंवा ‘स्वच्छते’च्या नावाखाली ती वारंवार उपटली गेली, तर मात्र वाळू पुन्हा मोकळी होते. टेकड्यांच्या पुनर्स्थापनेसाठी म्हणूनच पेरे असलेली तिची खोडे वाळूत पुरून लावली जातात.