ढोबळी मिरचीची एक फोड

गिनीपिग विकत घेताना दुकानात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "सशासारखंच असतं हो, सशाचं खाद्य घाला." सोबत गोळीखाद्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि तारेच्या तळाचा पिंजरा दिला जातो. दोन-तीन आठवड्यांत तो प्राणी अंग फुगवून कोपऱ्यात बसायला लागतो. त्याचे केस विस्कटलेले दिसतात, मागचे पाय ओढत चालतो आणि छातीखाली हात घालून उचललं की किंचाळतो. घरातल्यांना वाटतं कुठून तरी पडला असेल, थंडी बाधली असेल. काही घरांत दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात आणि त्यात चार दिवस जातात. ते चार दिवस फार महाग पडतात, कारण या प्राण्याला बहुधा स्कर्व्ही झालेला असतो. जुन्या काळी लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा तोच हा आजार.

सशाला स्कर्व्ही होत नाही, म्हणून सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व मुद्दाम घालायची गरज नसते. नेमकी इथेच चूक होते.

नावावरून काही कळण्यासारखं नाही. हा प्राणी डुक्कर नाही आणि गिनी देशातलाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर या भागांत हजारो वर्षांपासून लोक त्याला मांसासाठी घरात पाळत आले आहेत. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याला 'कुई' म्हणतात. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला की तो जी कुईकुई सुरू करतो ती ऐकली, तर मराठी माणसाला हे नाव परकं वाटणार नाही. तिथले वैदू जिवंत गिनीपिग रोग्याच्या अंगावरून फिरवतात, मग तो चिरून त्याच्या आतड्या-काळजावरून रोगाचं निदान करतात. त्या निदानाला काहीही आधार नाही. पण हाच प्राणी माणसाच्या एका रोगाचा खरा आरसा निघाला, आणि त्यामागचं कारण या प्रथेपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

उंदीर, ससा, कुत्रा, मांजर, गाय, शेळी हे सगळे प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतःच बनवतात. कच्चा माल साधं ग्लुकोज. त्यात एकेक बदल होत होत गुलोनोलॅक्टोन नावाचा पदार्थ तयार होतो. मग गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्यावर शेवटची क्रिया करतं, आणि त्यातून जे निघतं त्याचं क जीवनसत्त्व आपोआप होतं. या शेवटच्या विकराची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक गिनीपिगमध्ये मोडलेलं आहे. ते पार नाहीसं झालेलं नाही. वाडा पडून गेला तरी जोतं दिसत राहावं, तसे त्याचे अवशेष डीएनएमध्ये ओळखू येतात, पण मधले भाग गळाल्यामुळे विकर काही बनत नाही. पहिल्या सगळ्या पायऱ्या शाबूत आणि शेवटची तुटलेली.

आता तुमच्या स्वतःच्या पेशीत डोकावलं तर तिथेही हेच जनुक असंच पडलेलं दिसेल. माणूस, वानर आणि माकडं यांच्या समान पूर्वजांत ते सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी निकामी झालं. गिनीपिगच्या पूर्वजांत ते खूप नंतर, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी बंद पडलं. म्हणजे हा वारसा एकाकडून दुसऱ्याकडे आलेला नाही. एकच यंत्र दोन घराण्यांत वेगवेगळ्या वेळी बिघडलं. काही वटवाघळांतही ते गेलेलं आहे. वर्षभर हिरवा पाला आणि फळं खाणाऱ्या प्राण्याचं असं जनुक बिघडलं तर त्याचं काहीच अडत नाही, म्हणून बिघाड पुढच्या पिढ्यांत टिकून राहतो. पाला बंद झाला की मग त्याची किंमत कळते.

ती किंमत नेमकी कुठे मोजावी लागते? कोलॅजनमध्ये. कातडी, रक्तवाहिन्यांच्या भिंती, कुर्चा, हाडं, दात जागेवर धरून ठेवणारे धागे हे सगळं या प्रथिनावर उभं असतं. कोलॅजन म्हणजे तिपेडी वेणी. प्रत्येक पेडात प्रोलीन हे अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा येतं. वेणी घट्ट राहायची तर त्यातल्या बऱ्याच प्रोलीनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी बसवावी लागते. हे काम प्रोलिल हायड्रॉक्सिलेज नावाचं विकर करतं. त्याच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो आणि तो फेरस अवस्थेत असेल तरच विकर चालतं. काम करता करता मधूनच हा अणू आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक होतो, आणि विकर जागच्या जागी ठप्प होतं. क जीवनसत्त्व त्याला तो एक इलेक्ट्रॉन परत देतं आणि गाडी पुन्हा सुरू होते.

इलेक्ट्रॉन परत मिळाला नाही तर शरीर पेड बनवतच राहतं, पण बिनजोड्यांचे. अशी वेणी सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उलगडते. गिनीपिगच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं. म्हणजे नवीन कोलॅजन बनता बनताच सुटत जातं. जुनं झिजतं आणि त्याची जागा घ्यायला पक्कं काही येत नाही. सगळ्यात आधी बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, तेही जिथे ताण जास्त तिथे: गुडघ्याच्या सांध्यात आणि बरगडीचं हाड कुर्चेला मिळतं तिथे. छातीखालून उचलल्यावर तो किंचाळतो ते या रक्तस्रावामुळे. पुढे दात धरणारे धागे सैल पडतात, चावणं दुखतं, खाणं सुटतं. वाढत्या पिल्लांत हे सगळं आणखी लवकर होतं, कारण त्यांना रोज नवं कोलॅजन भरपूर लागतं.

आता गिनीपिगला चुकीचं खाद्य घातल्यामुळे लागलेला शोध. १९०७ साली नॉर्वेत, तेव्हाच्या क्रिस्तियानिया म्हणजे आजच्या ओस्लो शहरात, आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे खलाशांच्या बेरीबेरीवर, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगावर, काम करत होते. बेरीबेरी निर्माण करायला त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातले. बेरीबेरी झाला नाही. हिरड्या सुजल्या, हाडं ठिसूळ झाली, सांध्यांत रक्त साचलं. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की हे टळायचं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यात स्कर्व्ही घडवता येतो हे पहिल्यांदाच दिसलं. त्यांनी उंदीर निवडले असते तर काहीच दिसलं नसतं. पुढे १९३२ साली हंगेरीत सेगेड इथे आल्बर्ट सेंट-ग्योर्गी आणि स्विरबेली या शास्त्रज्ञांनी उकळलेलं अन्न खाणाऱ्या गिनीपिगना रोज फक्त १ मिलिग्रॅम 'हेक्झुरॉनिक आम्ल' दिलं. ते निरोगी राहिले, बाकीचे स्कर्व्हीने मेले. हेक्झुरॉनिक आम्ल हेच क जीवनसत्त्व. त्याचा साठा कमी पडायला लागला तेव्हा सेंट-ग्योर्गींना ते सेगेडच्या प्रसिद्ध लाल मिरचीत मुबलक सापडलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

मिरचीचा तो धडा घरात जसाच्या तसा लागू पडतो. निरोगी प्रौढ गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज किमान १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. गाभण मादीला किंवा आजारी प्राण्याला ३० पर्यंत. प्राण्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम. हिरव्या ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ३० ग्रॅमची एक फोड सुमारे २४ मिलिग्रॅम देते. एका प्राण्याची रोजची गरज तेवढ्यात भागते. बिया आणि देठ काढून टाका. तिखट मिरची मात्र नको. कोथिंबिरीत मिरचीच्या साधारण तिसरा हिस्सा असतं, तरी मूठभर रोज चालते. पेरूत भरपूर असतं, पण साखरही असते. आठवड्यातून एक-दोनदा पातळ काप पुरे. काकडीत आणि गाजरात फारच कमी. "आम्ही रोज काकडी-गाजर घालतो" असं सांगणाऱ्या घरातही स्कर्व्ही होतो, तो यामुळे. पालकात ऑक्झलेट जास्त, म्हणून तो रोज नको. या प्राण्याला मूतखडे सहज होतात. कांदा, लसूण, बटाटा, दूध आणि चॉकलेट कधीच देऊ नका.

भाजी आयत्या वेळी चिरा. पेशी फुटल्या की त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने क जीवनसत्त्व खाऊन टाकतं. काकडीत हे विकर खूप असतं, म्हणून काकडी आणि मिरची एकत्र चिरून डब्यात भरून ठेवू नका.

पाण्याच्या बाटलीत घालायचे 'क जीवनसत्त्वाचे थेंब' सर्रास विकले जातात. त्यांवर पैसे घालवू नका. पाण्यात विरघळलेलं हे जीवनसत्त्व उजेडाने आणि हवेने एका दिवसात निम्म्यावर येतं, धातूच्या स्पर्शाने आणखी लवकर. शिवाय चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो आणि दुसरंच दुखणं उभं राहतं. गिनीपिगसाठी बनवलेलं गोळीखाद्य चांगलं, पण तेही बनवल्या तारखेपासून तीन महिन्यांत संपवा आणि सुटं घेऊ नका. उघड्या पोत्यातल्या खाद्यावर भरवसा नाही. पूरक गोळीच द्यायची तर १०० मिलिग्रॅमची बिनसाखरेची गोळी घ्या, तिचा चतुर्थांश भाग चुरून चमचाभर पाण्यात तेव्हाच विरघळवा आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब पाजा. समोरून पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं.

मिरची हे औषध समजा. पोट भरायला गवतच हवं. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात फक्त तंतुमय गवत चघळून. वाळलेलं गवत पिंजऱ्यात चोवीस तास असायलाच हवं. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. आपल्याकडची हराळी, म्हणजे दूर्वाच, सावलीत वाळवून उत्तम चालते. गणपतीला वाहिलेल्या जुड्या हळद-कुंकू लागलेल्या असतात, त्या नकोत. लसूणघास वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला द्या. मोठ्यांना त्यातल्या कॅल्शियमने खडे होतात. कोवळी ज्वारी गुरांना घातक तशीच यालाही.

हे गवत पचवतात आंधळ्या आतड्यातले जिवाणू. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या गिनीपिग थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, दिवसातून कितीतरी वेळा. घाण सवय म्हणून त्याला हाकलू नका; त्याची ब गटातली जीवनसत्त्वं यातूनच येतात. याच जिवाणूंमुळे घरात उरलेलं ॲमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचं सिरप त्याला पाजणं म्हणजे विष पाजणं. चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी काही दिवसांत जातो. औषध फक्त असे प्राणी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडूनच घ्या.

पिंजरा दोघांसाठी किमान ४ फूट बाय २ फूट, तळ सपाट, त्यावर सुती कापड किंवा कागद. तारेच्या तळाने पाय फुटतात. पळायचं चाक नको, पाठीला इजा होते. एकटा ठेवू नका. दोन माद्या एकत्र सुखाने राहतात. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करा, ते तेव्हाच प्रजननक्षम होऊ लागतं.

अँडीजच्या थंड हवेतल्या या जीवाला १८ ते २४ अंश मानवतात. ३० च्या पुढे, विशेषतः कोकणातल्या दमटपणात, उष्माघात होतो. विदर्भातल्या मे महिन्यात एसी नसेल तर हा प्राणी आणूच नका. दुपारी बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून आणि फरशीचा थंड तुकडा ठेवून भागतं, पण ते मार्च-एप्रिलपुरतंच.

आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. त्यावर पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा, प्राणी आत बसवा आणि दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहा. गिनीपिग दुखणं लपवतो, वजन लपवू शकत नाही. एका आठवड्यात ५० ग्रॅम कमी भरले तर त्याचे सांधे, दात आणि लेंड्या बघा. दिवसभरात काहीच खाल्लं नसेल तर सोमवारची वाट न बघता त्याच रात्री पशुवैद्याला फोन करा.