बीएस्सी केमिस्ट्री झालंय, आता एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगला जाता येतं का?

येतं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या डाइंगचं जे रंगीत पाणी निघतं ना, त्याचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) काढणं ही केमिस्ट्री आणि ते साफ करायचा प्लांट बसवणं हे इंजिनिअरिंग, मग दोन्ही येणारा माणूस नको का? तरी आपल्या पोरांना वाटतं आता परत पहिल्यापासून बीई करावं लागणार.

सरळ रस्ता म्हणजे एमएस्सी करून गेट (एमटेकच्या ॲडमिशनसाठीची देशपातळीवरची परीक्षा) द्यायची आणि एमटेकला जायचं. गेटमध्ये २०२१ पासून एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे, कोड ईएस. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षातही फॉर्म भरता येतो, पण इथंच घोळ होतो, परीक्षेला बसता आलं म्हणजे ॲडमिशन मिळालं असं नाही, एमटेकला साधारण बीई नाहीतर एमएस्सी लागते आणि कुठली एमएस्सी चालते ते प्रत्येक संस्थेच्या ब्रोशरमध्ये बघायचं. स्कोअर मात्र तीन वर्षं चालतो, म्हणजे तिसऱ्या वर्षात गेट काढली तर एमएस्सी संपल्यावरही तोच वापरता येतो. मी तर म्हणेन तेव्हाच द्या. पेपरात केमिस्ट्रीचा भाग तुमचा घरचाच, हायड्रॉलिक्स आणि गणित मात्र रडवतं.

फॉर्म ऑनलाइन असतो. फोटो, सही, ओळखपत्र, एससी-एसटी किंवा दिव्यांग असाल तर तो दाखला. मुलींना आणि या प्रवर्गांना फी निम्मी, ओबीसींना फीत सवलत नाही. नाव ओळखपत्रावर आहे तस्संच टाका, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, मी यातच दोन दिवस घालवले. पुढं ॲडमिशनला आयआयटीसाठी कोआप आणि एनआयटीसाठी सीसीएमटी या ऑनलाइन पोर्टलांवर वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, तेव्हा ओबीसींनी नॉन-क्रीमी लेयर सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं काढून ठेवा, राज्याचं तिथं चालत नाही, आणि सेतूत ऐनवेळी गर्दी किती असते ते सांगायला नको.

दुसरा रस्ता डायरेक्ट सेकंड इयर बीई, सिव्हिलला वगैरे. बारावीला गणित पाहिजे, बीएस्सीला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४०. पण आधी डिप्लोमावाल्यांचा नंबर लागतो, उरलेल्या जागा आपल्याला, आणि पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे पेपर वेगळे काढावे लागतात ते वेगळंच. बारावीला नुसतं बायो घेतलं असेल तर हा रस्ता सोडा.