आत्याची दुसरी बॅटरी

रात्री पावणेदोनला आत्याचा फोन. छातीत धस्स झालं. "अरे, ही तुझी बॅटरी बंद कशी करायची? मघापासून नाचतेय नुसती!" तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी "काय झालं हो काकू?" असं ओरडल्याचं मलाही ऐकू आलं.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, सदाशिव पेठेत एकटी राहते. वाढदिवसाला मीच तिला ती बॅटरी दिली होती. काळं अॅल्युमिनियम, चार्जिंगची, १२०० लुमेन. एकदा दाबलं की लागते, दाबून धरलं की बंद होते आणि पटापट तीनदा दाबलं की समोरच्याचे डोळे दिपवायला लखलख उघडझाप करते. अंधारात, झोपेत, संधिवाताच्या अंगठ्याने दाबलं की तीनदाच दाबलं जातं. सकाळी गेलो तर चहाबरोबर बॅटरीही समोर आली. "हा उजेड आहे की शिक्षा?"

बॅटरी मी माझ्या आवडीची घेतली होती आणि दिली मात्र तिला, हे तेव्हा लक्षात आलं. मग दुसरी शोधायला लागलो आणि त्या निमित्ताने प्रकाशाचं बरंच गणित नव्याने बघावं लागलं. (आपल्याकडे घरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. विजेरी फक्त पाठ्यपुस्तकात लागते. इथेही घरचीच भाषा चालू ठेवतो.)

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा लुमेनचा असतो. बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते लुमेन सांगतं. एक मेणबत्ती साधारण १२ ते १३ लुमेन देते. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटलाय हे सांगणारा आकडा वेगळा, त्याचं एकक कॅन्डेला. तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते, तसंच हे. बॅटरीत अंगठ्याचं काम आतला आरसा करतो. आरसा खोल आणि गुळगुळीत असेल तर मधे झगझगीत ठिपका पडतो. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे असतील तर तोच प्रकाश मऊ होऊन पसरतो.

खोक्यावर "४०० मीटर" लिहिलेलं असतं, त्यामागे एक अमेरिकन मानक आहे. ते २००९ मध्ये आलं. समोरच्या वस्तूवर पडणारा उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर हा बॅटरीचा पल्ला धरतात. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. त्यामुळे हिशोब सोपा आहे. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ४०,००० कॅन्डेला असतील तर पल्ला ४०० मीटर.

आता तीच बॅटरी आत्याच्या खोलीत लावा. भिंत दोन मीटरवर. ४०,००० भागिले दोनाचा वर्ग, म्हणजे १०,००० लक्स. भर दुपारी सावलीतल्या अंगणात असतो तेवढा उजेड, तोही रात्री पावणेदोनला, पांढऱ्या भिंतीवर. घरातला रात्रीचा दिवा शे-दीडशे लक्सच्या आसपास असतो. आत्याने शिक्षा म्हटलं ते कमीच म्हटलं.

यावर माझा आतेभाऊ म्हणाला, "पण वय झालं की जास्तच उजेड लागतो ना?" त्याचं अर्धं बरोबर आहे. वाढत्या वयात बाहुली पूर्वीइतकी मोठी उघडत नाही आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. पण तेच भिंग गढूळही होत असतं. समोरून तीव्र झोत आला की तो भिंगात विखुरतो आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. पावसाळ्यात समोरच्या गाडीचा दिवा ओरखडे पडलेल्या काचेवर पसरतो ना, तसा. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी. म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड जरा जास्त हवा, पण पसरलेला. ठिपका नको.

शिवाय झोपेतून उठलेला डोळा वेगळाच असतो. अंधारात बघण्याचं काम दृष्टिपटलावरच्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य प्रकाशाने तुटतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. इतक्या वेळाने साठवलेलं सगळं तीव्र झोताने क्षणात जातं. बॅटरी विझवून आत्या पलंगाकडे वळते तेव्हा ती जवळजवळ आंधळी असते, आणि पडायला होतं ते अशाच वेळी. न्हाणीघरापर्यंत जायला लागतो किती उजेड? १० कॅन्डेलाची मिणमिणती बॅटरी दोन मीटरवर अडीच लक्स देते. पौर्णिमेच्या दसपट! अंधाराला सरावलेल्या डोळ्याला उंबरठा, चप्पल आणि मधेच झोपलेली मांजर दिसायला तेवढं भरपूर झालं.

तेव्हा पहिली अट ठरली. बॅटरी किती प्रखर लागते हे बघायचं नाही, किती मंद लागते ते बघायचं. आणि पहिल्या दाबाला मंदच लागली पाहिजे. वरच्या आकड्यांच्या शर्यतीत तसाही फारसा दम नसतो. डोळ्याला उजेड दुप्पट झालासा वाटायला लुमेन सुमारे आठपट वाढवावे लागतात, त्यामुळे १००० आणि १२०० यांतला फरक कुणाला कळतही नाही.

दुसरी गोष्ट रंग. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या स्फुरद्रव्याचा थर देतात. थोडा निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा पिवळट होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. ही निळी चिप जमवायला किती वर्षं गेली! अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यासाठी. पण स्वस्त एलईडीत हे मिश्रण तांबड्याच्या बाजूला लंगडं पडतं. रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक १०० पैकी देतात. साध्या बॅटऱ्यांचा ७० च्या आसपास असतो, चांगल्यांचा ९० च्या वर.

हा फरक कळायला प्रयोगशाळा लागत नाही. आत्याच्या डब्यात दोन गोळ्या शेजारी असतात, रक्तदाबाची फिकट गुलाबी आणि दुसरी फिकट केशरी. जुन्या बॅटरीच्या निळसर उजेडात मी दोन्ही तळहातावर घेतल्या, तर दोन्ही मळकट पांढऱ्या. तळहातसुद्धा मेल्यासारखा करडा. उबदार रंगाची, ९० च्या वरची बॅटरी लावली आणि गुलाबी ती गुलाबी झाली, हातात रक्त आलं. दुकानात हीच परीक्षा करा. स्वतःच्या तळहातावर उजेड पाडा आणि हात आपलाच वाटतोय का बघा.

मग एका संध्याकाळी तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो. तिथे पहिल्याच दुकानात "एक लाख लुमेन" लिहिलेली, वीतभर लांबीची बॅटरी समोर आली. आत एकच लिथियम सेल, १८६५० जातीचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. हिशोब करून बघा. एका वॅटला १०० लुमेन धरले तर लाख लुमेनला १००० वॅट लागतील, म्हणजे बॅटरी नव्हे, गीझर. त्या सेलमध्ये ऊर्जा असते सुमारे ११ वॅट-तास. चाळीस सेकंदांत खलास, आणि तोवर हातात धरवणारही नाही. सेलवर "९९०० एमएएच" (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) छापलंय तेही तसलंच, या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची मजल साडेतीन-चार हजारांच्या आसपास. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, लाख नसतील, पण आहेत भरपूर." यावर काय बोलणार?

सेलच्या बाबतीत मी बराच वेळ अडलो. चार्जिंगची बॅटरी सोयीची वाटते, पण ती चार्ज करायची आठवण लाइट गेल्यावरच येते. घरोघरी कपाटावर पडलेली ती जुनी जाडजूड चार्जिंगची बॅटरी आठवा. आत शिशाचा सेल, उतरलेला तसाच राहिला की पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग तो चार्ज घेत नाही. लिथियम त्याहून खूप चांगलं, पण पूर्ण भरून पुण्याच्या एप्रिलमध्ये ठेवलं तर तेही लवकर म्हातारं होतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक बटण असलेली बॅटरी बंद असतानाही थेंब थेंब वीज पीत राहते, बटण दाबलं जाण्याची वाट बघत.

त्यापेक्षा वाण्याकडे मिळणारे दोन पेन्सिल सेल बरे. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. आत दाब वाढवणारं छोटं सर्किट असेल तर उतरत आलेल्या सेलमधूनही ते काम काढून घेतं. लहानपणी आपण हेच सेल गच्चीत उन्हात ठेवून करायचो. ती अंधश्रद्धा नव्हती बरं का! उबेने आतली रसायनं जरा चपळ होतात, विश्रांतीनेही थोडा जीव परततो, आणि एक-दोन रात्री निघतात. अल्कलाइन सेलचा दोष एकच, तो गळतो. संपलेला सेल आत विसरला की जस्ताची अभिक्रिया चालूच राहते, हायड्रोजन साठतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची ती पांढरी पापडी होते. हातात मोजे घालून, लिंबाच्या थेंबाने ती निघते, स्प्रिंग शाबूत असेल तर. मी शेवटी दोन निकेलचे चार्जिंगचे सेल घातले. कमी गळतीच्या जातीचे असतील तर वर्षभर नुसते पडूनही बहुतेक भरलेले राहतात, आणि अडीअडचणीला वाण्याचे सेल चालतातच.

पाण्याचं फार मनावर घेतलं नाही. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, तेवढं पुरे. आत्या काही बॅटरी घेऊन मुठेत उतरणार नाही.

घेतली ती साधीच आहे. मागे टक्क वाजणारं मोठं बटण, खडबडीत दांडा, पहिल्या दाबाला १५ लुमेन, दुसऱ्याला १५०, तिसऱ्याला बंद. नाच नाही. दांड्यावर मी अंधारात चमकणारी पट्टी चिकटवली. आपण तिला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियमचा कणही नसतो. पूर्वी घड्याळांच्या काट्यांना खरंच रेडियम लावायचे, शब्द तिथला. आताच्या पट्टीत बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं, दिवसाचा उजेड पिऊन रात्री सावकाश परत देणारं. उशाच्या खिळ्याला दोरीने बॅटरी टांगली. मोठी बॅटरी आतेभाऊ सिंहगडाला घेऊन गेला. ती तिथलीच.

पंधरा दिवसांनी आत्याचा फोन आला, या वेळी भरदुपारी. गुरुवार होता, लाइट गेले होते.

"अरे, ह्याचे सेल जरा उन्हात ठेवू का?"

म्हटलं, हे नको ठेवूस.