मिसिंग आणि टायमिंग (जुनी पेट्रोल गाडी)

एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही, अवेळी पडते किंवा पडूनही पेट्रोल पेटत नाही आणि इंजिन झटके खात चालतं, त्याला मिसिंग म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरातले जुने मिस्त्री बोनेट उघडायच्या आधीच नुसत्या आवाजावरनं "मिसिंग मारतीया" म्हणून मोकळे होतात. हे सगळं पॉइंट-कंडेन्सरवाल्या (उघडझाप करणाऱ्या पॉइंटनं ठिणगी पाडणाऱ्या) पेट्रोल इंजिनाचं, म्हणजे जुनी जीप, फार्गो, डॉज असल्या गाड्यांचं. डिझेल ट्रकला प्लगच नसतो, तिथली भानगड पंप आणि नोझलची, ती वेगळी.

आधी मेलेला सिलिंडर शोधायचा. इंजिन स्लोवर ठेवून एकेक प्लगची वायर काढायची (रबरी मुठीच्या पक्कडीनं, नाहीतर झटका कोपरापर्यंत जातो). काढल्यावर इंजिन आणखी मंद पडलं तर तो सिलिंडर चालू, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. शेजारशेजारचे दोन मेले असतील तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीचा) संशय घ्या, पण वायरी उलटसुलट लागल्यात का तेही बघा. जीपचा ठिणगीचा क्रम 1-3-4-2. प्लगवर कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या, पांढराफटक म्हणजे कुठूनतरी हवा ओढतंय.

पावसाळ्यात गगनबावड्याकडनं भिजत आलेली गाडी मिसिंग मारत असेल तर आधी डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डबा) झाकण काढून आतनं कोरड्या फडक्यानं पुसा. केसासारखी काळी रेघ दिसली तर मात्र पुसून भागत नाही, झाकणच बदलायचं.

खरी मेख डेल्कोतल्या पॉइंटात असते. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, गॅप कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कुणी हात न लावता मागं जातं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, आणि हेच बरेचजण उलटं करतात न मग दोनदा काम करत बसतात. जीपला साधारण 0.5 मिमी, फीलर गेजनं (मापाच्या पातळ पत्तीनं), पॉइंट पूर्ण उघडलेला असताना.

टायमिंगसाठी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवायचं पुढचं हँडल फिरवायचं, हवा अंगठा ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. फ्लायव्हीलवरच्या किंवा पुलीवरच्या नुसत्या खुणेवर जाऊ नका, इंजिन दोनदा फिरतं तेव्हा डेल्को एकदा, त्यामुळं खूण एक्झॉस्टलाही जुळते. जीपला पिस्टन टॉपला (सगळ्यात वर) यायच्या 5 अंश आधी. खूण तिथं आणून इग्निशन चालू ठेवा, डेल्कोच्या पॉइंटच्या टर्मिनलपासून बॉडीला एक छोटा बल्ब लावा आणि डेल्को आतल्या रोटरच्या (फिरत्या तुकड्याच्या) उलट दिशेनं हळू फिरवा, बल्ब पेटला त्या क्षणी बोल्ट आवळा. टायमिंग फार पुढं असलं तर हँडल उलटं मारतं (अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर मनगट जातं) आणि घाटात लोडवर खडखड येते. मागं असलं तर ओढ नाही, इंजिन तापतं, सायलेन्सरात फट्‌फट्.

कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी, पण लोक हात पहिला तिथंच घालतात. आणि आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं, त्यानं मिश्रण थोडं पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होतं न जुन्या रबरी नळ्या फुगून तडकतात, त्या एकदा बदलूनच टाका.