एसएसएच लॉगिन रेंगाळणं वेगळं, तुटणं वेगळं

नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात काय, घरून काम करताना काय, एसएसएचने (नेटवरून दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिन करणाऱ्यांची तक्रार एकच येते: "भाऊ, सर्व्हर घेत नाही, नेट गंडलंय." मग राउटर बंद-चालू, मोबाइलचा हॉटस्पॉट. पण एकदा आत शिरल्यावर टाइप केलेलं झटपट उमटत असेल, तर नेटला सोडा. गडबड ओळख पटवण्याच्या सेटिंगमध्ये आहे, आणि तिथे दोन दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

रेंगाळण्यात कोणीतरी न येणाऱ्या उत्तराची वाट बघत असतं. सर्व्हरवर यूजडीएनएस ही सेटिंग चालू असेल तर तो तुमच्या आयपीवरून नाव शोधायला जातो. नेमसर्व्हर (आयपी आणि नावांच्या जोड्या सांगणारा सर्व्हर) गप्प बसला की लिनक्स सहसा 5 सेकंद थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने 2015 मधल्या 6.8 आवृत्तीपासून हे मुळातच बंद ठेवलंय; जुन्या सर्व्हरवर मात्र अजून चालू सापडतं. दुसरा संशयित जीएसएसएपीआय, म्हणजे कर्बेरॉससारख्या मध्यवर्ती ओळख-व्यवस्थेतून लॉगिन करायचा मार्ग. कर्बेरॉस कुठेच नसताना ते आजमावण्यात वेळ जातो. आधी आपल्या बाजूने जीएसएसएपीआय-ऑथेंटिकेशन 'नो' करून बघा. फरक पडला नाही, तर सर्व्हरचं डीएनएस तपासा.

तुटण्यात वाट बघणं नसतंच, तिथे मोजणी असते. समजा एजंटमध्ये (लॉगिनच्या डिजिटल किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) आठ किल्ल्या भरल्यात, बरोबर किल्ली सातवी. क्लायंट एकेक पुढे करतो, सर्व्हर प्रत्येक नकार मोजतो, आणि मॅक्सऑथट्राइज, म्हणजे प्रयत्नांची मर्यादा, मुळात 6 असल्याने सातवीची पाळीच येत नाही. 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' म्हणून क्षणात बाहेर! पासवर्ड एकदाही न टाकता हा शेरा मिळाला की माणूस चक्रावतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. यावर सर्व्हरचा आकडा वाढवू नका, तो पहारा आहे. आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या होस्टखाली नेमकी आयडेंटिटीफाइल (किल्लीची फाइल) लिहा आणि आयडेंटिटीजओन्ली 'येस' करा, म्हणजे तेवढीच किल्ली पुढे जाईल.

दोन्हींत घोळ होतो तो लॉगिनग्रेसटाइम या सर्व्हरच्या मुदतीमुळे. मुळात ठेवलेल्या 120 सेकंदांत ओळख पटली नाही तर सर्व्हर जोडणी तोडतो, म्हणजे फार रेंगाळलेलं लॉगिनही तुटल्यासारखं दिसतं. कोणतं दुखणं ते कळायला एसएसएचला तीन 'व्ही'चा पर्याय (-vvv, सविस्तर नोंदी दाखवणारा) देऊन बघा. 'ऑफरिंग पब्लिक की' ओळ भराभर येत गेली तर किल्ल्या जास्त. एखाद्या ओळीवर पडदा थिजला तर वाट बघणं.

सर्व्हरची सेटिंग बदलताना चालू सेशन बंद करू नका. फाइल तपासून घ्या, सेवा रीलोड करा, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, मगच पहिली मिटवा.