वार्धक्य आणि अंतर्कर्णाच्या तोल-चाचण्या

अंतर्कर्णातील तोलेंद्रियांकडून निघालेल्या संदेशांना मान व डोळ्यांचे स्नायू आपोआप जी प्रतिक्रिया देतात, ती मोजणाऱ्या चाचण्यांवर वाढत्या वयाचा परिणाम होतो. प्रत्येक कानात डोके वळल्याची जाणीव देणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तर डोके कललेले व सरळ रेषेतील हालचाल ओळखणाऱ्या युट्रिकल आणि सॅक्युल या दोन पिशव्या असतात. वयपरत्वे या इंद्रियांतील केसपेशी (हालचाल टिपणाऱ्या, केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) व त्यांच्या मज्जातंतूंतील पेशी घटतात आणि पिशव्यांतील कॅल्शियम कार्बोनेटचे कणही झिजतात. ही झीज सर्व चाचण्यांत सारखी उमटत नाही. अहवाल वाचताना गफलत होते ती बहुधा येथेच.

सर्वाधिक फरक दिसतो तो वेम्प (VEMP) चाचणीत, म्हणजे तोलेंद्रियाला आवाजाने चेतवून मानेच्या किंवा डोळ्याच्या स्नायूतून उमटणारी विद्युत लहर नोंदवणाऱ्या चाचणीत. उजवा कान तपासताना रुग्णाला आडवे करून डोके उशीवरून उचलून डावीकडे वळवायला सांगतात आणि ताणलेल्या मानेच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवून उजव्या कानात साधारण ५०० हर्ट्झचे मोठे, तुटक आवाज सोडतात. सॅक्युल शाबूत असेल तर आवाजानंतर सुमारे १३ व २३ मिलिसेकंदांनी लहरीची दोन टोके उमटतात. साठीनंतर लहरीची उंची घटते, ती उमटायला अधिक मोठा आवाज लागतो आणि काहींत ती मुळीच येत नाही. युट्रिकलसाठी डोळ्याखाली नोंदवल्या जाणाऱ्या वेम्पचीही हीच गत आहे. अर्थात दोष दर वेळी कानाचाच नसतो: म्हाताऱ्या माणसाला डोके उचलून धरणेच जड जाते, म्हणून लहर स्नायूच्या ताणाच्या प्रमाणात मोजावी लागते, आणि मध्यकर्णात बिघाड असल्यास हाडातून कंपन द्यावे लागते.

याउलट, डोके झटक्यात वळवून चष्म्यातील कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या चाचणीत डोळ्याच्या व डोक्याच्या वेगाचे गुणोत्तर वयाच्या ऐंशीच्या आसपासपर्यंत १ च्या जवळ, म्हणजे दोन्ही वेग जवळजवळ सारखे, टिकते. कानात ३० व ४४ अंश सेल्सिअसचे पाणी सोडण्याच्या जुन्या चाचणीवरही वयाचा प्रभाव तुलनेने कमीच पडतो.

सांगली जिल्ह्यातील मिरज १८९४ मध्ये सुरू झालेल्या मिशन रुग्णालयापासून वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते. या भागात चक्कर, घेरी, भोवळ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. त्यामुळे नेमके काय होते हे खोदून विचारावे लागते. “दिवसा काही नाही, पण रात्री उसाला पाणी पाजायला गेलो की बांधावर तोल जातो,” असे सत्तरीचा शेतकरी सांगतो, तेव्हा त्यात बरेच निदान आलेले असते: अंधारात नजरेचा आधार जातो, ओल्या मातीत पावलांचा अंदाज चुकतो आणि सगळा भार झिजलेल्या अंतर्कर्णावर येतो. अशा माणसाची वेम्पची लहर दोन्ही बाजूंना सारखीच बारीक असेल, तर ते वयाला धरून असू शकते. ती एकाच बाजूला नाहीशी झाली असेल, तर मात्र वयाकडे बोट दाखवून त्याला घरी पाठवता येत नाही.