क्यू६६०० की ई८४००: दोघांचाही पाढा नऊचाच

इंटेलचे कोअर २ क्वाड क्यू६६०० (चार कोअरचा) आणि कोअर २ ड्युओ ई८४०० (दोन कोअरचा) हे जुने प्रोसेसर मदरबोर्डवरच्या एकाच सॉकेटमध्ये, म्हणजे एलजीए ७७५ मध्ये बसतात. दोघांच्याही नावात ‘कोअर २’ आहे. जुन्या मदरबोर्डसाठी प्रोसेसर शोधताना हे दोघे हमखास समोर येतात आणि गोंधळ सुरू होतो: एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ३ चा, मग ३ चा भारी ना? आणि चार कोअर म्हणजे २.४ गुणिले ४, ९.६ गिगाहर्ट्झ, हा दुसरा गैरसमज. एकच काम एकाच कोअरवर चालत असेल, तर उरलेले तीन कोअर त्याचा वेग वाढवत नाहीत.

क्यू६६०० जानेवारी २००७ चा, ६५ नॅनोमीटरच्या निर्मिती तंत्राचा (आकडा लहान तितके चिपमधले भाग बारीक). ई८४०० बरोबर वर्षभराने आला, ४५ नॅनोमीटरचा. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (प्रोसेसरला बोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग गुणिले गुणक. गंमत अशी की दोघांचा गुणक ९ च आहे, फरक बसचा. क्यू६६०० ला २६६ मेगाहर्ट्झची बस मिळते (बोर्डवर ती चौपट मोजून १०६६ लिहिलेली असते), ई८४०० ला ३३३ ची (१३३३). नऊने गुणा: २.४ आणि ३.०. त्यामुळे ई८४०० फक्त १०६६ पेलणाऱ्या बोर्डवर चालवला, तर तोही २.४ वरच येतो आणि पैसे वाया जातात.

क्यू६६०० हा खरे तर एका झाकणाखाली बसवलेल्या दोन ड्युअल कोअर चिप आहेत. त्याची ८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) म्हणजे ४ अधिक ४. एका चिपला दुसरीशी बोलायचे असेल तर बोर्डवरच्या बसवरून जावे लागते, आणि त्याच बसवरून रॅमची वाहतूकही चालते. सेकंदाला सुमारे ८.५ जीबीची ती वाट चौघांत वाटली जाते. ई८४०० मध्ये दोनच कोअर, दोघांत मिळून सलग ६ एमबी कॅश आणि १०.६ जीबीची वाट. जुने, एक-दोन थ्रेडवर (म्हणजे एक-दोन कोअरच वापरून) चालणारे गेम त्याच्यावर जास्त सुरळीत का चालतात, ते इथे कळते. शिवाय त्याला एसएसई ४.१ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा संच) येते, क्यू६६०० ला नाही. काही प्रोग्रॅम ते नसेल तर सुरूच होत नाहीत. एसएसई ४.२ मात्र दोघांकडेही नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती दोघांवरही चालत नाही.

तरीही आज ब्राउझरच्या दहा टॅब, पाठीमागे अँटिव्हायरस आणि अपडेट असा संसार असेल, तर क्यू६६०० घ्यावा. दोन कोअर शंभर टक्क्यांवर गेले की माउससुद्धा अडखळतो.

अट एकच: बोर्डला तो झेपला पाहिजे. ई८४०० चा टीडीपी (कूलरला काढावी लागणारी उष्णता) ६५ वॅट, क्यू६६०० चा ९५ किंवा १०५. हा ‘किंवा’ महत्त्वाचा. झाकणावर एसएलएसीआर हा कोड असेल तर तो जी० स्टेपिंगचा (म्हणजे चिपच्या सुधारित आवृत्तीचा), ९५ वॅटचा. एसएल९यूएम असेल तर बी३, १०५ वॅटचा. जी० ला झाकणावर ७१ अंश चालतात, बी३ ला फक्त ६२.२. बी३ टाळाच. ई८४०० सोबतचा बुटका कूलर क्यू६६०० वर लावू नका. लोड आला की तापमान चढते आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

ई८४०० ची अडचण वेगळी. ९६५ चिपसेटच्या बऱ्याच बोर्डना ४५ नॅनोमीटरची ओळखच नसते: पंखे फिरतात, स्क्रीन काळी. म्हणून जुना प्रोसेसर काढण्याआधी, तो बसलेला असतानाच बायॉस (बोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. बोर्ड बनवणाऱ्याची सीपीयू यादी आधी पाहा. ब्रँडेड छोट्या डेस्कटॉपमध्ये क्वाड मुळातच वर्ज्य असू शकतो.

क्यू६६०० ला ३ गिगाहर्ट्झवर न्यायचे तर बायॉसमध्ये बस २६६ वरून ३३३ करा, रॅमचे बसशी प्रमाण १:१ ठेवा (डीडीआर२-६६७ रॅम पुरते), पीसीआय एक्सप्रेसचा (ग्राफिक्स कार्डच्या वाटेचा) वेग १०० मेगाहर्ट्झवर पक्का करा. मग प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकून तपासणारा प्रोग्रॅम) काही तास चालू द्या. एखाद्या कोअरवर चूक आली तर व्होल्टेज एक पायरी वाढवा, नाहीतर बस थोडी खाली आणा. कूलरच्या चारही पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा आणि बोर्डमागून त्या पूर्ण बाहेर आल्या का ते पाहा. एक सुटली तरी तापमान भडकते.

बसवल्यावर सीपीयू-झेडमध्ये (प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) क्यू६६०० चा वेग १.६ आणि ई८४०० चा २.० दिसला, तर फसलो असे समजू नका. रिकामे असताना गुणक ९ वरून ६ वर उतरतो. काही काम सुरू करून पुन्हा पाहा. तेव्हाही आकडा हलला नाही, तर बायॉसचा प्रोसेसरशी परिचय झालेला नाही.